नरडाण्याची सपाट लाट

कारखान्याच्या गेटवर माझी गाडी थांबली की वॉचमन आधी माझ्या मागे बघतो. मागे कोणी नसतं. मग तो गाडीत वाकून बघतो. गाडीत ड्रायव्हर असतो, त्याला झुपकेदार मिशा आहेत, त्यामुळे वॉचमन त्याला सलाम ठोकतो आणि मला विचारतो, "मॅडम, तपासणीवाले साहेब कुठे आहेत?" गेली तीसेक वर्षं जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत मी या प्रश्नाला एकच उत्तर देत आले आहे : "साहेब आलेत. रजिस्टर द्या." सुरुवातीला संताप यायचा. आता ड्रायव्हरला सांगून ठेवलंय की बाबा, सलाम घेत जा, वाया कशाला घालवायचा.

मी नेमकं काय करते हे माझ्या नातेवाइकांनाही नीटसं माहीत नाही. एका लग्नात दिरांनी माझी ओळख "या टीव्ही दुरुस्त करतात" अशी करून दिली, आणि जेवणं व्हायच्या आत तीन जणींनी मला आपापल्या टीव्हीचे आजार सांगितले. तर एकदाचं सांगून टाकते. मी लाटा मोजते. समुद्राच्या नव्हे, तो खानदेशात कुठून येणार! विजेच्या. आपल्या घरातली वीज तारेतून जाताना सेकंदाला पन्नास वेळा वरखाली होते, तिचं चित्र काढलं तर सुबक गोल लाट दिसते. मशिनची थरथर, पाइपातला दाब, मोटारीला जाणारा प्रवाह, यांच्याही अशाच लाटा काढता येतात. लाटेचा आकार बिघडला की समजायचं, कुठंतरी काहीतरी बिघडलंय.

हे चित्र काढायला माझ्याकडे डिजिटायझर नावाची पेटी आहे. ती लाटेकडे सेकंदाला हजारो वेळा बघते, दर वेळी एक आकडा लिहून ठेवते, आणि लॅपटॉप ते आकडे जोडून पडद्यावर लाट काढतो. पेटी बिचारी खोटं बोलत नाही. पण तिने कुठून बघायचं, किती वेळा बघायचं, केवढं बघायचं हे ती लावणाऱ्याच्या हातात असतं. म्हणून लाट वेडीवाकडी दिसली की पहिला प्रश्न हा, की मशीन बिघडलंय की मोजणं बिघडलंय? बहुतेक वेळा मोजणंच बिघडलेलं असतं. गिऱ्हाइकाला हे अजिबात आवडत नाही. त्याने मशिनवर संशय घेतलेला असतो, आणि मशीन निर्दोष सुटलं की त्याला आपली फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

जळगावच्या एका डाळ मिलमध्ये चांगली डाळ खड्यांबरोबर बाहेर फेकणारं एक मशीन होतं. डाळीचा रंग बघून निवड करणारं, परदेशी, देखणं. त्याच्या लाटेवर अखंड गुणगुण, म्हणजे नको असलेली बारीक थरथर, चढलेली दिसत होती. अशी गुणगुण दिसली की अर्थिंग बघायचं, म्हणजे मशिनमधली नको ती वीज जमिनीत नेऊन सोडणारी तार. ती तार मी पकडली आणि तिच्यामागोमाग निघाले. भिंतीवरून, जिन्यावरून, थेट गच्चीवर. गच्चीत प्लास्टिकचा निळा पिंप होता, त्यात काठोकाठ माती, मातीत कढीपत्त्याचं झाड आणि झाडाच्या बुडाशी आमची अर्थिंगची तार. मालकांना विचारलं, हे काय? ते निरागसपणे म्हणाले, "अक्का, खाले बठ्ठा काँक्रीट शे. माती ते मातीच शे ना?" खाली सगळं काँक्रीट, म्हणून माती वर आणलेली. कढीपत्ता मात्र फार जोमात होता. जाताना त्यांनी मला दोन डहाळ्या दिल्या.

दुसऱ्या एका ठिकाणी पुण्याहून बोलावलेल्या सल्लागाराने मशिनमध्ये एक 'संथ हेलकावा' शोधून काढला होता. त्यावर त्याने रंगीत आलेखांचं सादरीकरणही केलं होतं. मी पेटीचा बघण्याचा वेग वाढवला आणि हेलकावा नाहीसा झाला. सिनेमात धावत्या गाडीचं चाक कधी कधी उलटं फिरताना दिसतं ना, तसंच हे. लाट वेगाने वरखाली होते आहे आणि पेटी अधूनमधूनच डोळे उघडते आहे, तर जे दिसेल ती जगात कुठेच नसलेली लाट असते. सल्लागार महाशय म्हणाले, "पण प्रेझेंटेशन तर होऊन गेलंय."

असे किस्से मी चवीने सांगते. ट्रेनिंगला आलेल्यांना सांगते, पाहुण्यांना सांगते. प्रत्येक किश्श्यात मूर्ख दुसरा कोणीतरी असतो आणि शहाणी मी असते, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. माझ्या बऱ्याच उशिरा आलं.

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक कारखाना आहे. नाव सांगत नाही. त्यांच्या एका मोठ्या मोटारीने मधेच बंद पडायचा छंद लावून घेतला होता. तासभर चालायची, तापायची, थांबायची. ती मोटार धुळ्याच्या भिला नानांनी भरलेली होती. मोटार भरणं म्हणजे आतली जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळणं, या गुंडाळीलाच वाइंडिंग म्हणतात. नाना हे काम चाळीस वर्षं करत होते. अंगाने काटक, डोक्यावर पांढरी टोपी, खिशात एक लांब स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक चालत्या मोटारीला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची तपासणी. या कारखान्याच्या सगळ्या मोटारी त्यांच्याकडे जायच्या, आणि हा कारखाना जे करतो ते बघून आजूबाजूचे कारखाने करायचे. नानांचं दुकान त्यावर उभं होतं. मिस्तरीच्या धंद्यात नाव हीच सगळी मिळकत असते.

कारखान्यात नवे व्यवस्थापक आले होते. त्यांना टोपी आणि स्क्रू ड्रायव्हर ही तपासणी वाटेना. त्यांना 'डेटा' हवा होता. खरं तर त्यांना नवी मोटार हवी होती आणि जुनी वाईट आहे असं लिहिलेला एक कागद हवा होता, पण हे ते स्पष्ट बोलले नाहीत आणि मीही स्पष्ट विचारलं नाही. त्यांनी मला बोलावलं, आणि नानांनाही बोलावलं, समोरासमोर निकाल लागावा म्हणून.

मोटारीला तीन तारा जातात, त्यांना फेज म्हणतात. प्रत्येक तारेभोवती मी एकेक चिमटा अडकवला. हे चिमटे तार न कापता तिच्यातला प्रवाह हेरतात आणि पेटीला कळवतात. मोटार सुरू झाली. पडद्यावर तीन लाटा उमटल्या. दोन सुबक, गोल. तिसरीचं डोकं सपाट, पायही सपाट, कोणी विळीवर धरून कापल्यासारखे. प्रवाहाचा आकडाही इतर दोघींपेक्षा कमी. व्यवस्थापक पडद्यावर इतके वाकले की त्यांचा टाय की-बोर्डवर आला. "म्हणजे तिसऱ्या वाइंडिंगमध्ये लफडं आहे," ते म्हणाले. मी म्हणाले, "दिसतंय तरी तसं."

नाना तेव्हा मोटारीपाशी उकिडवे बसले होते, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून. ते उठून आले आणि पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"ताई, मोटार बरी शे," ते म्हणाले. "तो तिसरा चिमटा काढा नि पहिला वायरवर लावी देखा. पहिला चिमटा तिसराले लावा. खोट वायरसंगे जास का चिमटासंगे, ते देखा."

एका मिनिटाचं काम होतं. मिस्तरी लोकांची ही जुनी रीत आहे. दिवा लागत नसेल तर दिवे बदलून बघायचे, पंखा फिरत नसेल तर तारा बदलून बघायच्या, दोष कुणाबरोबर जातो ते बघायचं. मी स्वतः ट्रेनिंगमध्ये हेच शिकवते, फक्त इंग्रजीत शिकवते, म्हणून ते शास्त्र होतं.

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "नाना, अदलाबदल करून बघायचं काम पाना-पक्कडवाल्यांचं. ही पेटी पट्टीने मोजून बोलते, अंदाजाने नाही." व्यवस्थापक हसले. त्यांच्याबरोबर उभे असलेले दोन सुपरवायझर हसले. मला फार बरं वाटलं. ज्या जागी मला 'साहेब कुठे आहेत' असं विचारलं जातं, त्या जागी मी बोलले आणि पुरुष हसले, याचं ते बरं वाटणं होतं. हे लिहिताना आता लाज वाटते.

रिपोर्ट मी तिथेच छापून दिला. नाना म्हणाले, "इंग्रजी शे. वाची दाखवा." मी वाचून दाखवला, मराठी करून, त्यांना नीट कळावं म्हणून सावकाश. तिसऱ्या फेजच्या वाइंडिंगमध्ये दोष, मोटार वापरास अयोग्य. नानांनी स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला, "बरं," म्हणाले, आणि फाटकाकडे चालू लागले. त्यांना धुळ्याची एसटी धरायची होती. माझी गाडी धुळ्यावरूनच जाणार होती. मी त्यांना या म्हणाले नाही.

पुढे तीन-चार महिने मी सुखात होते. नरडाण्याच्या आणखी दोन कारखान्यांनी मला बोलावलं. त्यांनीही आपल्या मोटारी नानांकडून काढून घेतल्याचं मला कळलं. वाईट वाटलं का? थोडं वाटलं, पण ते वाईट वाटणं असं होतं की त्यात आपला काही दोष नसतो आणि चहा गोडच लागतो.

मग अमळनेरच्या एका तेल मिलने बोलावलं. मोटार कोरी करकरीत, खोक्यातून काढलेली. मिलच्या शेठना ती बसवण्याआधीच्या आणि नंतरच्या नोंदी हव्या होत्या, बाकी तक्रार काही नव्हती. मी तीन चिमटे लावले, मोटार सुरू केली. दोन लाटा गोल आणि तिसरी सपाट.

माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? 'काय दिवस आलेत, हल्ली नवीन मोटारीसुद्धा खराब येतात.' आपल्या पेटीवर माणसाची केवढी श्रद्धा असते! शेठनी बशीत ओतून चहा पुढे केला. मी चहा घेता घेता सहज त्या सपाट रेघेचा आकडा बघितला. तो ओळखीचा वाटला. लॅपटॉपमधली नरडाण्याची जुनी फाईल उघडली. तिथेही लाट त्याच आकड्यावर कापलेली होती. शेवटच्या अंकापर्यंत तोच. दोन गावं, दोन मोटारी, एक जुनी भरलेली, एक कोरी, एकीवर कमी ओझं, एकीवर जास्त, आणि दोघी बरोबर त्याच उंचीवर सपाट होतात? कशी होतील?

बशी खाली ठेवली. तिसरा चिमटा काढून पहिल्या तारेवर लावला, पहिला तिसरीवर लावला. खोट चिमट्याबरोबर गेली.

पुढचं सगळं दोन मिनिटांत उलगडलं. लाट किती उंच असेल हे पेटीला आधी सांगून ठेवावं लागतं. कमी सांगितलं तर बुटक्या दारातून उंच माणूस जावा तसं लाटेचं होतं. वरचा भाग अडतो आणि पेटी तो सोडून देते, उरतं ते सपाट. आकडा कमी दिसतो तो त्यामुळेच. नरडाण्याच्या आधी एका पाइप कारखान्यात मी तिसऱ्या चिमट्याच्या जागी मशिनची बारीक थरथर मोजली होती, त्यासाठी फक्त तिसऱ्याची मर्यादा लहान ठेवली होती. ती मांडणी मीच जपून ठेवली, आणि वेळ वाचावा म्हणून प्रत्येक कामाला तीच उघडत राहिले. मधली कामं बारीक थरथरीचीच होती, तिथे ती मर्यादा पुरली. त्यात लॅपटॉप इतका सभ्य, की प्रत्येक लाट ताणून तिच्या चौकटीत नीट बसवून दाखवतो, त्यामुळे तिघी सारख्याच उंच दिसतात. आणि पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ मशिनमधून कधीच येत नाही, ती पेटी कमी पडल्याची खूण असते, हे तर मी स्वतः ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी शिकवते. फळ्यावर काढून दाखवते. खाली दोन रेघाही मारते.

शेठ विचारत होते, "अक्का, काय झालं? मोटार चांगली आहे ना?" मी म्हणाले, "मोटार चांगली आहे शेठ." आणि मला रडू आलं. त्यांनी घाबरून आणखी एक चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी सुधारित रिपोर्ट घेऊन नरडाण्याला गेले. त्यात सरळ लिहिलं होतं की आधीचा निष्कर्ष चुकीचा, मोजणीत माझी चूक, मोटारीत दोष नाही. व्यवस्थापकांनी तो वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. "मॅडम, फाईल क्लोज झाली. तुमचा आधीचा रिपोर्ट किती सुंदर होता! हेड ऑफिसला फार आवडला. कशाला खराब करता?" मग पाणी पिता पिता, जुन्या मित्राला सांगावं तसं, त्यांनी सांगून टाकलं की नवी मोटारही पंधरा दिवसांत तशीच थांबायला लागली होती. शेवटी इलेक्ट्रिशियनने मोटारीला वीज देणारं पॅनल उघडलं तर तारेचं एक टोक ढिलं निघालं. तापलं की सुटायचं, गार झालं की टेकायचं. त्याने ते आवळलं, विषय संपला. "नानांना कळवलंत?" मी विचारलं. "त्यांना कशाला?" ते म्हणाले. आवक विभागात गेले, तर तिथल्या क्लार्कने साहेबांना फोन लावला आणि कागद न घेताच परत केला. चुकीच्या रिपोर्टवर तिथे गोल शिक्का पडला होता, बरोबर रिपोर्टवर काही केल्या पडेना.

तिथून धुळ्याला नानांच्या दुकानात गेले. पूर्वी जिथे माणसाच्या कमरेएवढ्या मोटारी रांगेत असायच्या, तिथे छताचे पंखे आणि मिक्सर पडले होते. नानांची सून एका पंख्याची तार भरत होती. नाना स्टुलावर बसून तिला वेढे मोजून देत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. चिमटा, मर्यादा, सपाट लाट, अमळनेर, ढिलं टोक.

नानांनी आधी वेढे मोजून संपवले. मग म्हणाले, "चिमटा बदली देखा का मग?"

"बघितला नाना."

"खोट कोनासंगे गयी?"

"चिमट्यासंगे."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं ते रागावतील. त्याहून जास्त असं वाटलं होतं की ते "जाऊ द्या ताई, माणसाकडून होतं" असं म्हणतील आणि मी हलकी होऊन जळगावला जाईन. दोन्ही झालं नाही.

"माले तं तव्हयच ठाऊक व्हतं, मोटार बरी शे," ते म्हणाले. "मंग तुम्ही माले काय सांगतस? ज्यासले ठाऊक नही, त्यासले सांगा. मनं नाव नरडाणामा गयं, धुळामा नही."

सुनेने चहा आणला होता. मी प्यायले. त्या चहाला कसलीच चव नव्हती, किंवा मलाच कळली नाही.

तर नानांचं नाव जिथे गेलं त्या नरडाण्यात, ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायचं मी मनावर घेतलं. ज्या कारखान्यांनी नानांचं काम काढलं होतं त्यांना पत्रं पाठवली. एकाचं उत्तर आलं, 'आपले पत्र मिळाले.' दुसऱ्याचं तेवढंही नाही. मग संधी आपणहून चालून आली. नरडाण्याच्या उद्योजकांनी महिला दिनाला कर्तबगार महिलांचा सत्कार ठेवला आणि त्यात मीही होते. शाल, श्रीफळ, काचेची बाहुली. दोन शब्द बोला म्हणाले. समोर पहिल्या रांगेत तेच व्यवस्थापक, आजूबाजूच्या कारखान्यांची झाडून सगळी माणसं. मी माइक धरला आणि जे घडलं ते सांगितलं. माझी पेटी चुकली, मी चुकले, भिला नाना बरोबर होते, त्यांची मोटार निर्दोष होती. बोलून झालं आणि सभागृह टाळ्यांनी दुमदुमलं. सूत्रसंचालिका गहिवरून म्हणाली, "एवढ्या उंचीवर पोचूनही किती ही नम्रता! मोठी माणसं स्वतःकडे कमीपणा घेतात ते असे." व्यवस्थापक उभं राहून टाळ्या वाजवत होते. नंतर जेवणाच्या रांगेत निदान सहा जणांनी मला सांगितलं की तुमचं भाषण फार प्रेरणादायी झालं. नानांचं नाव एकालाही आठवत नव्हतं. "ते तुमचे कोण, मिस्तरी ना?" एकाने विचारलं.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'यंत्रांच्या गमतीजमती' असं हलकंफुलकं काहीतरी मागितलं होतं. सुरुवातीला कढीपत्ता वगैरे आहे तो त्यांच्यासाठी. लिहायला मी हो म्हणाले त्याचं कारण वेगळं आहे. हा अंक नरडाण्याच्या जवळजवळ प्रत्येक कारखान्याच्या स्वागतकक्षात टीपॉयवर असतो, मी स्वतः तिथे ताटकळत बसून तो वाचलेला आहे. तेव्हा तिथे ताटकळणाऱ्यांनो, आतून बोलावणं येईपर्यंत एवढं वाचा. नरडाण्याच्या त्या कारखान्यातली मोटार धुळ्याच्या भिला नानांनी भरली होती. तिच्या तिन्ही फेज बरोबर होत्या. तपासणारी मी होते. खोट माझ्या पेटीत होती, पेटी मी लावली होती, आणि नाना ते तोंडावर सांगत असताना मी ऐकलं नाही. यात नम्रता वगैरे काही नाही, हा तपासणीचा निष्कर्ष आहे. कृपया टाळ्या वाजवू नका. तुमच्याकडे एखादी जळालेली मोटार पडली असेल तर ती धुळ्याला नानांकडे पाठवा.